गाडीला जायचं म्हणून पाणी तोडू नका

आरोग्य शिबिरात आम्ही बायकांना एक प्रश्न हमखास विचारतो. एसटीनं लांबच्या गावाला जायचं असलं की पाणी कधी पिता? बहुतेकींचं उत्तर एकच येतं : उतरल्यावर. कुणी सांगते, सकाळचा चहासुद्धा अर्धा कपच घेते. कुणी सांगते, आदल्या रात्रीपासूनच पाणी कमी करते. मग सगळ्या हसतात, कारण हे सगळ्यांच्याच घरात चालतं. आईनं लेकीला सांगितलेलं असतं, सासूनं सुनेला. गाडीला जायचं तर पोट हलकं आणि पाणी बंद.

तांब्याभर पाणी सोडलं तर काय बिघडतं, असं वाटतं. पण शिबिरात लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येणाऱ्या बाईला आम्ही विचारतो, गेल्या आठवड्यात कुठं गेला होता का? तर पुष्कळदा उत्तर येतं, हो ना, लग्नाला गेलो होतो, आठ तासांची गाडी होती. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

बाई पाणी तोडते त्यामागे तिचा पक्का हिशेब असतो. तो आधी समजून घेऊ. गाडी स्थानकात दहा मिनिटं थांबणार. कंडक्टर दहा सांगतो आणि सातव्या मिनिटाला ड्रायव्हर हॉर्न वाजवतो. स्वच्छतागृह असतं फलाटाच्या पार मागच्या टोकाला. हातात दोन पिशव्या, कडेवर पोर, सामान कुणाच्या भरवशावर ठेवायचं? दारात टेबल टाकून बसलेला माणूस सुट्टे मागतो. आत जमीन ओली, दाराला कडी आहे की नाही ते आत गेल्यावरच कळणार. साडीचा काठ धरायचा, पोराला धरायचं की दार धरायचं? तेवढ्यात गाडी सुटली तर पुढची कधी, कुणाला ठाऊक. त्यापेक्षा पाणीच नको, असं ती ठरवते. पुरुषांचं काय, भिंत दिसली की उभे.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. चांगलंच झालं. माहेर जवळ आलं, दवाखाना जवळ आला, एकटीनं प्रवास करणाऱ्या बायका फलाटावर जास्त दिसू लागल्या. पण तिकीट अर्धं झालं म्हणून वाटेतली सोय आपोआप दुप्पट होत नाही. जास्त बायका, जास्त तास, आणि तेवढीच स्वच्छतागृहं.

रात्रीच्या अंधाराची भीतीही खोटी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुण्याच्या स्वारगेट स्थानकात पहाटेच्या वेळी, उभ्या असलेल्या शिवशाही गाडीत एका तरुणीवर बलात्कार झाला. तुझी गाडी तिकडे लागली आहे असं सांगून तिला तिथं नेल्याची तक्रार होती. त्यानंतर कुठली बाई रात्री स्थानकाच्या मागच्या कोपऱ्यात एकटी जाईल? म्हणून दोघीतिघी मिळून जा, अनोळखी असलात तरी. शेजारच्या बाकावरच्या बाईला सांगायला लाजू नका, तिलाही बहुधा जायचंच असतं. गाडीची चौकशी खिडकीवरच करा. जिच्यात दिवे नाहीत आणि कंडक्टर नाही, अशा गाडीत कुणीही सांगितलं तरी चढू नका.

प्रवास आणि तहान यांचा आपल्या समाजाशी जुना संबंध आहे. १९०१ साली लहानगे भीमराव आपल्या भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरून बैलगाडीनं वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले होते. सोबत जेवण होतं, पण जात कळल्यावर पाणी द्यायला कुणी तयार नव्हतं. पोरं रात्रभर उपाशी आणि तहानलेली राहिली. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आज आपल्या पिशवीत पाण्याची बाटली असते, ती प्यायला कुणी अडवत नाही. तरी आपली बाई आठ तास ती बाटली उघडत नाही.

अंगात काय होतं

मूत्रपिंडं रक्त गाळून घाण लघवीवाटे बाहेर टाकतात. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला साधारण दीड लिटर लघवी होते. पाणी तोडलं की मूत्रपिंडं पाणी राखून ठेवतात. लघवी थोडी, पिवळीजर्द आणि उग्र वासाची होते. डोकं दुखतं, जीभ कोरडी पडते, उठल्यावर चक्कर येते. उन्हाळ्यात पत्र्याच्या तापलेल्या गाडीत खिडकीतून गरम वारा लागतो तेव्हा घाम अंगावरच वाळून जातो, आणि किती पाणी गेलं ते कळतच नाही.

दुसरी गोष्ट लघवी तुंबवण्याची. मूत्राशयात साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. तीन-चार तास कळ काढली तर निरोगी बाईला काही होत नाही. पण एकीकडे पाणी नाही आणि दुसरीकडे सात-आठ तास लघवीला जायचं नाही, हे दोन्ही एकत्र आलं की जंतूंचं फावतं. बाईची लघवीची नळी जेमतेम चार सेंटीमीटर असते, पुरुषाची तिच्या चार-पाच पट लांब. बाहेरचे जंतू बाईच्या मूत्राशयात पटकन पोचतात. वारंवार लघवी झाली तर ते धुऊन निघतात. लघवी तुंबली तर तिथंच वाढतात.

आपल्याकडे याला ‘उन्हाळी लागली’ म्हणतात. धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक सुरू होतं. ते वाईट नाही, पाणी पोटात जातं एवढा त्याचा फायदा आहेच. पण एक-दोन दिवसांत जळजळ गेली नाही तर आरोग्य केंद्रात जाऊन लघवी तपासा. ताप, थंडी वाजणं, कमरेच्या वर पाठीत एका बाजूला दुखणं, उलट्या किंवा लघवीतून रक्त, यातलं काहीही असलं तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेलेले असू शकतात. तेव्हा घरगुती उपाय थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मेडिकलवाल्याकडून ‘जळजळीची गोळी’ म्हणून दोन गोळ्या सुट्या घेऊन काम भागवू नका. अँटिबायोटिक अर्धवट घेतलं की आजार लपतो आणि पुढच्या वेळी त्याच गोळीला दाद देत नाही.

गरोदर बाईनं तर पाणी मुळीच तोडायचं नाही. पोटातल्या बाळाच्या वाढीमुळे लघवीचा मार्ग दबतो, लघवी तुंबायला वेळ लागत नाही. या काळातल्या लघवीच्या संसर्गामुळे दिवस भरायच्या आत कळा सुरू होऊ शकतात. कधी कधी गरोदरपणात जळजळही होत नाही आणि संसर्ग मात्र असतो, म्हणून नर्स प्रत्येक तपासणीला लघवी मागते. लांबच्या प्रवासाआधी डॉक्टरांना किंवा एएनएम ताईंना विचारा, माता-बाल कार्ड पिशवीत ठेवा. मागच्या चाकावरची आणि शेवटच्या रांगेतली जागा घेऊ नका, खड्ड्याचा सगळा हादरा तिथं बसतो. गाडीच्या मधली, मोकळ्या वाटेजवळची जागा मागा. कुणी उठत नसेल तर कंडक्टरला मोठ्यानं सांगा. आपण गप्प राहिलो तर त्याला कळणार कसं?

चार तासांहून जास्त वेळ पाय लोंबकळत ठेवून बसलं की पोटरीतल्या शिरांत रक्त साकळण्याचा धोका वाढतो. हा धोका तसा थोड्याच लोकांना असतो, पण गरोदर बाई, नुकतीच बाळंत झालेली, नुकतं ऑपरेशन झालेलं माणूस, पाळणा लांबवायच्या गोळ्या घेणारी बाई यांना जास्त. पाणी कमी पडलं तर त्यात भर पडते. बसल्या बसल्या पावलं वरखाली करत राहा, गाडी थांबली की दोन पावलं चाला. प्रवासानंतर एकच पाय सुजला, पोटरी दुखायला लागली तर चोळू नका, शेकू नका, डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं, दम लागला तर लगेच १०८ ला फोन करा.

सिकलसेल असेल तर

यावर आम्ही जरा जास्त लिहिणार आहोत, कारण हा आपल्याच घरातला आजार आहे. विदर्भात बौद्ध समाजात आणि आदिवासी समाजात सिकलसेल मोठ्या प्रमाणात आढळतो. कामाधंद्यासाठी पुण्या-मुंबईच्या बस्त्यांत आलेली घरं तो सोबत घेऊन आली आहेत. इथल्या दवाखान्यात पोरगं ‘हातपाय दुखतात’ म्हणून रडलं की पुष्कळदा वाताची गोळी मिळते आणि खरा आजार राहून जातो.

आपल्या रक्तातल्या लाल पेशी गोल आणि लवचिक असतात, बारीक शिरांतून सहज सरकतात. सिकलसेलच्या रुग्णात त्या विळ्यासारख्या वाकतात आणि कडक होतात. अंगात पाणी कमी झालं की त्या जास्त वाकतात आणि शिरेत अडकून बसतात. पुढं रक्त जात नाही. मग हाडं, सांधे, छाती, पोट यांत अशी कळ येते की मोठा माणूस गुरासारखा ओरडतो. पाणी कमी पडणं, थंडी वाजणं, दमणूक, ताप ही त्याची नेहमीची कारणं. आता लांबचा एसटीचा प्रवास डोळ्यांपुढे आणा. पाणी तोडलेलं, रात्रभर जागरण, वातानुकूलित गाडी असेल तर डोक्यावर थंड झोत. सगळी कारणं एकाच तिकिटात.

अशोक विजयादशमीला नागपूर, डिसेंबरात चैत्यभूमी, एक जानेवारीला भीमा कोरेगाव. आपल्या घरातली माणसं याच दिवसांत सर्वांत लांबचा प्रवास करतात. तिथं पोचल्यावरही पुढं गर्दीत तासन्‌तास उभं राहायचं असतं. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल तर त्याला घरी ठेवा असं आम्ही म्हणणार नाही. पण त्याची बाटली वेगळी, भरलेली, आणि ती रिकामी होते का यावर एका माणसानं लक्ष ठेवायचं. मूल ‘नको’ म्हणालं तरी अर्ध्या-पाऊण तासानं दोन घोट द्यायचे. अंगावर चादर किंवा स्वेटर, खिडकीचा पहाटेचा वारा नको. हायड्रॉक्सियुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या रोजच्या गोळ्या प्रवासातही चुकवायच्या नाहीत. वेदनेची गोळी कोणती द्यायची हे निघण्याआधी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. ताप आला, श्वास घेताना छाती दुखली, डोळे अचानक पिवळे किंवा चेहरा पांढराफटक पडला, एका बाजूचा हातपाय लुळा पडला तर घर गाठायची वाट बघू नका. वाटेत जे मोठं सरकारी रुग्णालय येईल तिथं उतरा आणि पहिलं वाक्य ‘सिकलसेल आहे’ हेच बोला.

ज्यांना फक्त वाहक असल्याचं सांगितलं आहे, म्हणजे एकाच पालकाकडून आलेला दोष, त्यांना बहुधा असा त्रास होत नाही. त्यांनीही पाणी प्यावं, पण घाबरून जाऊ नये. आणि घरात एकाला आढळला असेल तर बाकीच्यांनी तपासून घ्यावं, विशेषतः लग्नाआधी.

किती प्यायचं, कधी जायचं

निघायच्या दोन तास आधी दोन पेले पाणी प्या आणि घरातून पाऊल टाकताना लघवीला जाऊन या. आधी प्यायलेलं पाणी घरीच उतरून जातं. गाडीत बसल्यावर एकदम तांब्याभर पिऊ नका, तासाला साधारण एक पेला होईल असं घोट घोट प्या. उन्हाळ्यात थोडं वाढवा. चहा कितीही आवडता असला तरी पाण्याच्या जागी तो नको. गाडी ज्या मोठ्या स्थानकात थांबेल तिथं लागली असो नसो, उतरून या. ‘पुढच्या स्टँडला जाऊ’ म्हणणारी बाई पुढच्या स्टँडला झोपलेली असते.

उतरण्याआधी कंडक्टरला सांगा : लघवीला जाऊन येते, थांबा. यात लाजण्यासारखं काही नाही. सांगितलेल्या बाईला सोडून गाडी सहसा जात नाही, न सांगता गेलेलीला सोडून जाते. अगदीच कळ असह्य झाली तर वाटेतही गाडी थांबवायला सांगता येतं. मधुमेहाचं म्हातारं माणूस, गरोदर बाई, लहान पोर असेल तर कंडक्टर-ड्रायव्हर बहुधा ऐकतात. ती बिचारी स्वतःही तासन्‌तास लघवी रोखूनच गाडी चालवतात, महिला कंडक्टरना तर आपल्याइतकंच सोसावं लागतं.

पाणी घरूनच भरून न्या. वाटेत जुलाब-उलट्या लागल्या तर ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण कालवा, अर्धं पाकीट पेल्यात टाकून पाजू नका. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कागदी डब्यातलं गोड सरबत म्हणजे ओआरएस नव्हे, दुकानदार काहीही म्हणो.

पाळी चालू असेल तर चार ते सहा तासांनी पॅड किंवा कापड बदलायला हवं. दोन जास्तीचे पॅड, जुना वर्तमानपत्राचा कागद, साबणाची वडी आणि सुट्टे पैसे अशी एक छोटी पिशवी हाताशी ठेवा. मोठ्या बॅगेच्या तळाशी ठेवलेलं काही कामाला येत नाही.

रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या रुग्णांना लघवी वाढवणारी गोळी असते. पुष्कळजण प्रवासाच्या दिवशी ती स्वतःच बंद करतात. पाय सुजतात, दम लागतो. गोळी त्या दिवशी पुढंमागं करता येईल का ते डॉक्टरांना आधी विचारा, मनानं सोडू नका. आणि अशा ज्या रुग्णांना, किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना, पाणी मोजून प्यायला सांगितलं आहे, त्यांनी वर लिहिलेलं प्रमाण धरू नये, डॉक्टरांचंच धरावं. इन्शुलिन डिकीत किंवा इंजिनाजवळ ठेवू नका, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत हाताशी ठेवा.

गाडी लागणाऱ्यांनी पुढची जागा घ्यावी, नजर लांब रस्त्यावर ठेवावी, मोबाइल बघू नये. ॲव्होमिनसारखी गोळी तास-दीड तास आधी घ्यायची असते, तिनं झोप येते. दोन वर्षांखालच्या बाळाला ती द्यायची नाही. उलटीच्या भीतीनं उपाशी राहू नका, दोन घास भाकरी-भाजी चालते.

स्थानकावर मागायचं काय

हे सगळं बाईनं एकटीनं सांभाळायचं आणि स्थानक जसंच्या तसं राहू द्यायचं, हे आम्हाला पटत नाही. १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे ते अहमदनगर धावली. आज राज्यात सुमारे २५० आगारं आहेत. ती आपल्या तिकिटावर आणि आपल्या करावर चालतात. २०११ साली मुंबईत बस्त्यांमधल्या बायका आणि संघटनांनी मिळून ‘राइट टू पी’ मोहीम उभी केली. त्यांनी आधी मोजणी केली. पुरुषांना लघवी फुकट आणि बायकांना पैसे, हे आकड्यांसकट पालिकेपुढे ठेवलं. लघवीसाठी भांडतात म्हणून लोक हसले. बायकांनी ऐकून घेतलं आणि काम चालू ठेवलं.

महिला मंडळानं आपल्या तालुक्याच्या स्थानकावर हेच करावं. चारजणींनी सकाळी, दुपारी, रात्री जाऊन बघावं. बायकांसाठी किती संडास, किती मुताऱ्या, कड्या आहेत का, दिवा लागतो का, पाणी येतं का, लघवीचे पैसे घेतात का, दराचा फलक लावला आहे का. बाळाला पाजण्यासाठी स्थानकांवर हिरकणी कक्ष असतो. तो उघडा आहे का, की किल्ली शोधावी लागते, तेही बघा. तारीख-वेळ घालून कागदावर उतरवा आणि आगार व्यवस्थापकांच्या नावानं अर्ज द्या. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि सही घेतल्याशिवाय परत येऊ नका. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. तक्रार पुस्तिका मागणं हाही प्रवाशाचा हक्क आहे. बाई मागते तेव्हा ती ‘साहेबांकडे’ असते, तेव्हा साहेब येईपर्यंत बसायची तयारी ठेवा.

आणखी एक काम महत्त्वाचं. सिकलसेल, हिमोफिलिया, एचआयव्ही आणि डायलिसिसच्या रुग्णांना, तसंच क्षयरोग आणि कर्करोगाच्या रुग्णांना एसटीच्या तिकिटात सवलत आहे. ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास आहे. आजाराच्या सवलतींना अंतराच्या आणि गाडीच्या प्रकाराच्या अटी आहेत, म्हणून तिकीट काढण्याआधी आगारात विचारून घ्या. सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र आणि आधार कार्ड लागतं. महिन्यातून दोनदा रुग्णालयाच्या वाऱ्या करणाऱ्या घराला ही रक्कम थोडी नसते. प्रमाणपत्र कुठं मिळतं हे जिल्हा रुग्णालयाच्या सिकलसेल कक्षात किंवा आपल्या आशाताईंना विचारा, मूळ कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला आणि त्याच्या दोन झेरॉक्स घरी ठेवून मगच गाडीला निघा.